निवड मैदानावर व्हावी, बंद खोलीत नको

खेळात हरल्याचे दुःख चार दिवसांत विरते. खेळूच न दिल्याचे दुःख जन्मभर सलते. शालेय आणि ग्रामीण स्पर्धांचा हंगाम आला की बेला, जैनथ, तलमडगू, बोथ या भागांतल्या आईबापांच्या मनात एकच प्रश्न असतो: आमच्या लेकराचे नाव यादीत आले नाही, ते कशामुळे? उत्तर मिळाले नाही की लोक आपापले उत्तर शोधतात. कोणी भाषेवर बोट ठेवतो, कोणी जातीवर, कोणी वशिल्यावर. खरे-खोटे देव जाणे, पण संशय एकदा घरात शिरला की पोर मैदान सोडते.

वाचकहो, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यापुरता नाही. शेजारच्या निजामाबादच्या निखत जरीनचेच पाहा. 2019 साली ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी मेरी कोमला चाचणीविना पाठवावे, असे मुष्टियुद्ध महासंघाच्या मनात होते. मेरी कोम सहा वेळा जगज्जेती, तिच्या कर्तृत्वाबद्दल कोणाला शंका नव्हती. तरीही 23 वर्षांच्या निखतने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून न्याय्य संधी मागितली. 28 डिसेंबर 2019 ला दिल्लीत लढत झाली आणि निखत 9-1 अशी हरली.

मग मिळवले काय? मेरी कोमची निवड निर्विवाद ठरली आणि निखतला आपण कुठे कमी पडतो ते कळले. मे 2022 मध्ये इस्तंबूलला तीच निखत जगज्जेती झाली, 2023 साली दिल्लीत पुन्हा झाली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात ते असे.

याच्या उलट उदाहरण कबड्डीचे. 2018 च्या जकार्ता एशियाडसाठीच्या निवडीत गैरप्रकार झाल्याची तक्रार दिल्ली उच्च न्यायालयात गेली. निवडलेले आणि डावललेले यांचा सामना घ्या, असे न्यायालयाने सांगितले. 15 सप्टेंबरला डावललेले खेळाडू मैदानावर हजर राहिले, निवडलेला संघ फिरकलाच नाही. तोपर्यंत एशियाड संपले होते. 1990 पासून दरवेळी सुवर्ण आणणारा आपला पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरून परतला होता.

साता समुद्रापलीकडेही हेच रडगाणे आहे. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलचे (आपला पायाने खेळायचा तो नव्हे, त्यांचा वेगळा) अंतिम चार संघ 13 जणांची समिती निवडत असे. डिसेंबर 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने तेराच्या तेरा सामने जिंकले, तरी समितीने त्यांना वगळले. कारण काय, तर मुख्य खेळाडू जखमी असल्याने संघ आता पूर्वीसारखा राहिला नाही. म्हणजे जिंकलेल्या सामन्यांपेक्षा समितीचा अंदाज जड ठरला! 2024 पासून तिथे 12 संघ घेतले जाऊ लागले आणि पाच विभागीय विजेत्यांना हक्काची जागा मिळाली.

हक्काच्या जागेचे मोल आपल्या रणजी करंडकाने दाखवले आहे. 2010-11 साली राजस्थान आणि आपले हैदराबाद दोघेही खालच्या प्लेट गटात होते. जयपूरला राजस्थानने हैदराबादला 21 धावांत गुंडाळले. प्लेट गटातल्या दोन संघांना बाद फेरीचे दार नियमानेच उघडे होते. त्या दारातून राजस्थान आत गेले आणि पहिल्यांदाच करंडक घेऊन बाहेर आले. नावलौकिक पाहून संघ बोलावले असते, तर त्यांना कोणी विचारले असते का?

निवड समितीची बाजूही ऐकली पाहिजे. सांघिक खेळात नुसत्या आकड्यांवर भागत नाही. दुखापत, खेळाडूंचा मेळ, वय हे सारे पाहावेच लागते. मान्य. पण जे पाहायचे ते चाचणीआधी लिहून लावा. निकाल लागल्यावर निकष शोधणे म्हणजे नवरदेव ठरवून मग पत्रिका जुळवणे.

2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा लवादाची तरतूद आहे. चांगले झाले. पण खो-खोच्या यादीतून नाव गळालेली जैनथची मुलगी दिल्लीची वाट कशी धरणार? हैदराबादच आपल्याला तीनशे किलोमीटर पडते. तिला न्याय जिल्ह्यातच मिळाला पाहिजे.

म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी आणि सर्व क्रीडा संघटनांकडे आमच्या साध्या मागण्या आहेत. चाचणीची तारीख व निकष पंधरा दिवस आधी प्रत्येक शाळेत लावावेत, तेलुगूबरोबर मराठीतही. गोंडी मुलांना ते त्यांच्या भाषेत समजावून सांगावेत. गुणपत्रक त्याच दिवशी, त्याच मैदानावर लावावे. ज्याचे नातलग चाचणीत उतरले असतील, त्याने निवड समितीत बसू नये. तक्रारीचा निकाल संघ रवाना होण्यापूर्वी लागावा. यातली एकही मागणी पैशांवाचून अडणारी नाही.

आपल्या समाजालाही एक सांगणे आहे. मराठी म्हणून आमच्या मुलांना घ्या, असे आपण कधीही म्हणू नये. आपली मागणी चाचणीची आहे, जागेची नाही. चाचणी उघड्यावर झाली आणि आपले पोर हरले, तर जिंकणाऱ्याच्या पाठीवर पहिली थाप आपली पडू द्या. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोराला पुन्हा मैदानावर पाठवा.