शिक्षा आधी, अपील मागाहून?

अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झालेला कैदी अपील प्रलंबित असता जामिनावर सुटला, की गावोगाव एकच प्रश्न ऐकू येतो : मग शिक्षा ठोठावण्याचा उपयोग काय? एकेकाळी हणजूण-कळंगुटचे म्हणून ओळखले जाणारे हे विष पुढे पेडण्यात हरमल-मोरजीपर्यंत पोचले. आज मये-डिचोलीच्या पालकालाही आपल्या मुलाची धास्ती वाटत असेल, तर त्याचा संताप अनाठायी कोण म्हणेल? तथापि संताप हा न्यायाचा मापदंड होऊ शकत नाही.

१९८५ चा कायदा मुळातच कडक आहे. व्यापारी प्रमाणात माल सापडल्याचे शाबीत झाल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. १९८९ च्या दुरुस्तीने त्याला आणखी दोन कुलपे घातली. कलम ३७ नुसार, आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याखेरीज जामीन नाही. २००१ पासून ही अट मुख्यत्वे व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यांपुरती उरली आहे. कलम ३२-अ ने तर शिक्षा तहकूब करण्याचा अधिकारच न्यायालयांकडून काढून घेतला.

हे दुसरे कुलूप सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २००० रोजी, महाराष्ट्रातील दादू प्रकरणात, काढले. अपिलाचा हक्क द्यायचा आणि ते चालेपर्यंत दिलासा देण्याची न्यायालयाची शक्ती हिरावून घ्यायची, हे घटनेला धरून नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. मात्र सरकारला शिक्षेत सूट देण्यास केलेली मनाई राहिली, आणि शिक्षा तहकूब करतानाही कलम ३७ च्या अटी पाळणे आलेच. सारांश, सुटका सहज होते हा समज खरा नव्हे.

खरे दुखणे आहे ते विलंबाचे. अपिलाची सुनावणी वर्षानुवर्षे रखडली आणि शेवटी कैदी निर्दोष ठरला, तर तुरुंगात गेलेली वर्षे त्याला कोण परत करणार? आग्वादच्या किल्ल्यात आपली माणसे डांबलेली ज्या गोमंतकाने पाहिली, त्याला तुरुंगातल्या एका वर्षाची किंमत सांगावयास नको. शिवाय तपास निर्दोष असतोच असेही नाही. २०१० साली आपल्याच राज्यात अमली पदार्थविरोधी पथकातील पोलिसांना निलंबित करण्याची पाळी आली होती. झडतीतील आणि मोहोरबंदीतील हलगर्जीपणा आज अपराध्याला सोडवितो, तर उद्या निरपराध्याला अडकवितो.

म्हणून जामिनाचे दार अधिक घट्ट लावा, ही मागणी आम्हांस पटत नाही. कोठडीतील कैद्यांची अपिले उच्च न्यायालयाने प्राधान्याने घ्यावीत. त्यासाठी लागणारे न्यायाधीश आणि कर्मचारी सरकारने द्यावेत. आणि ज्याची शिक्षा तहकूब होईल त्याच्यावर पोलीस ठाण्यातील नियमित हजेरीची अट असावी. अपील वेळेत निकाली निघाले तर अपराधी मोकळा फिरणार नाही आणि निरपराधी कुजणारही नाही. मयेच्या त्या पालकालाही याहून वेगळे काय हवे आहे?