शिरड शहापूरच्या फाट्यावर रस्त्याचा मालक बदलतो, तो कसा?

औंढा नागनाथहून वसमतकडे निघालं की वाटेत शिरड शहापूर लागतं. मल्लिनाथ भगवानांच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रामुळे दूरदूरच्या जैन भाविकांना हे गाव माहीत आहे. बाकीच्यांसाठी तो वसमत रोडवरचा एक थांबा. औंढा ते वसमत हा सगळा प्रवास चाळीस किलोमीटरच्या आतला. पण एवढ्याशा रस्त्यावर दोन सरकारं आहेत, आणि खड्ड्यात गाडी आदळली की ही गोष्ट अचानक महत्त्वाची होते.

त्याचं असं आहे. जालना, मंठा, जिंतूर, औंढा असा येणारा रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग ७५२-आय. तो शिरड शहापूरहून वारंगा फाट्याकडे जातो आणि तिथे नांदेडकडे जाणाऱ्या मोठ्या महामार्गांना मिळतो. वसमतकडे जाणारा रस्ता मात्र राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा. म्हणजे गावापर्यंत तुम्ही केंद्राच्या रस्त्यावर असता आणि फाटा ओलांडला की राज्याच्या. डांबराला बघून हे कळत नाही.

७५२ हा आकडा आला कुठून?

२०१० मध्ये देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. तीन आकडी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे असतात. ७५२ म्हणजे ५२ ची शाखा, आणि ५२ म्हणजे धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर असा जाणारा महामार्ग. हिंगोलीवरून जाणारा १६१ आणि वारंग्याजवळचा ३६१, हे दोन्ही ६१ चे फाटे. हा ६१ परभणीहून नांदेडला जाताना खुद्द वसमतमधून जातो. नकाशा डोळ्यांसमोर आणला तर शिरड शहापूर ते वसमत हा छोटा तुकडा दोन राष्ट्रीय महामार्गांना जोडणारा दुवा आहे. फक्त त्याच्या नावात 'राष्ट्रीय' नाही.

रस्त्यांची ही उतरंड जुनी आहे. १९४३ मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद झाली आणि तिथे राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी वर्गवारी ठरली. तेव्हा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या काळातली पूर्णा–हिंगोली रेल्वे वसमतवरून गेली. औंढा आणि शिरड शहापूर बाजूला राहिले. त्यामुळे रेल्वे गाठायची तर रस्त्याने वसमत गाठायचं, असा हिशेब होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

पण गावकऱ्यांच्या दृष्टीने मोठा बदल त्यानंतरचा. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तोवर कलेक्टर ऑफिसचं काम म्हणजे परभणी. आता त्याच कामासाठी उलट दिशेला, औंढ्यावरून हिंगोली. रस्ते तेच, सरकारी कामाची दिशा मात्र फिरली. शेतमालाची दिशा तशी फिरली नाही. या पट्ट्यातली हळद वसमत आणि हिंगोली, दोन्ही बाजारांत जाते, आणि ऊस वसमतच्या पूर्णा कारखान्याकडे. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग मालक कोण, याने काय फरक पडतो?

आधी फक्त तक्रारीचा पत्ता बदलायचा. ऑक्टोबर २०२५ पासून पैशांचाही प्रश्न आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हा आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. ती द्यायची कुणी? ज्याच्या ताब्यात रस्ता आहे त्याने. नंतर ती रक्कम दोषी अधिकारी किंवा कंत्राटदाराकडून वसूल करता येते. आदेश मुंबईच्या खड्ड्यांवरून गाजला, पण खेड्यातल्या दुचाकीस्वारालाही तो तितकाच लागू आहे. अडचण एवढीच, की त्याच्या घरच्यांना आधी 'हा रस्ता आमचा नाही' हे उत्तर पार करावं लागतं.

उतरंड जितकी खाली, तितका गोंधळ जास्त. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. राष्ट्रीय महामार्गातही काही प्राधिकरणाकडे, तर काही राज्याच्याच बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. त्यामुळे ट्विटरवर थेट केंद्रीय मंत्र्यांना टॅग केलेली खड्ड्याची तक्रार बऱ्याचदा जिल्हा परिषदेच्या रस्त्याची निघते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे कडेचा किलोमीटरचा दगड. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. काळा किंवा निळा म्हणजे जिल्हा मार्ग, आणि केशरी म्हणजे ग्रामसडक योजनेचा रस्ता. मात्र रस्त्याचा दर्जा बदलला की जुने दगड लगेच बदलतातच असं नाही, म्हणून शंका असेल तर बांधकाम विभागाच्या कार्यालयात विचारलेलं बरं.

राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ ही हेल्पलाईन आहे. शिरड शहापूर ते वसमत या टप्प्यासाठी मात्र बांधकाम विभाग किंवा 'आपले सरकार' पोर्टल. आणि खड्ड्याचा फोटो काढताना जवळचा दगड फ्रेममध्ये येऊ द्या, त्यावरचा आकडा वाचता येईल असा.