कार्ड पेटीत, म्हैस बाजारात



मागच्या सुगीत आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका गड्याने दुभती म्हैस विकली. बापाच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. बाप बरा होऊन घरी आला, तेव्हा कुणीतरी विचारले, "अरे, योजनेतून का नाही केली?" रेशनकार्ड घरच्या पेटीत होते. रुग्णालयही योजनेच्या यादीतले होते. दाखल करताना तिथे कुणी बोलले नाही आणि यानेही विचारले नाही.

ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. आरंभी घरामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते, आता पाच लाखांचे आहे, आणि पांढरे कार्डवालेही तिच्यात आले आहेत. पण हे पाच लाख साऱ्या घराचे मिळून, हे विसरू नका. आजोबांच्या उपचाराला गेले तेवढे नातवाच्या वाट्यातून कमी झाले. म्हणून "फुकटच आहे, करून टाका" असे कधी म्हणू नये. शस्त्रक्रिया आताच हवी का, गोळ्यांनी भागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. खिडकीवर पैसे भरण्याआधी त्याला गाठा. मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. तातडीच्या वेळी ती फोनवरूनही मिळते, कागद मागाहून देता येतात. मंजूर उपचारात खाट, तपासण्या, औषधे, जेवण सारे येते. तरी कुणी "वरचे थोडे द्या" म्हणाले तर पावती मागा आणि १५५३८८ वर फोन करा. पुष्कळदा पावती मागताच विषय मिटतो!

आता घरातली गोष्ट. साध्या ताप-खोकल्याला ही योजना नाही, तो खर्च खिशातूनच. आणि खिसा कुठे फाटतो? सलाईनला! अंग मोडून आले की आपणच म्हणतो, "डॉक्टर, एक बाटली लावा." मायबहिणींनो, मिठाच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत मीठ असते साडेचार ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभरही नाही. बाकी पाणी. पिता येत असेल तर तोंडावाटे घेतलेले पाणीच बरे. जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. उलटी थांबत नाही, पोर मलूल पडले, लघवी होईना, तर मात्र घरी वेळ दवडू नये. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

आणि आज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की पेटी उघडून रेशनकार्ड आणि सर्वांची आधारकार्डे शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींवरची नावे अक्षरन् अक्षर जुळतात का ते पाहा. गेल्या वर्षी घरात आलेल्या सुनेचे नाव कार्डावर चढले आहे का? बारशाला पेढे वाटले, त्या बाळाचे? नसेल तर बाजारच्या दिवशी तहसील कचेरीतले हे काम आधी उरका, बी-बियाणे मग.