पराभवानंतरचे हसरे गाणे

चळवळीचे गाणे गंभीरच असले पाहिजे, अशी समजूत आपल्या कार्यकर्त्यांत खोलवर रुजलेली आहे. विषय बेकारीचा, अन्यायाचा. मग सुरात हसू कसे शोभेल, असे विचारले जाते. या समजुतीला छेद देणारे एक उदाहरण इंग्लंडमधील आहे. ते मुद्दाम विचारात घ्यावे असे आहे.

मार्च १९८५ मध्ये ब्रिटनमधील खाणकामगारांचा वर्षभर चाललेला संप पराभूत होऊन संपला. थॅचरबाईंच्या राजवटीत बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली होती. हल हे बंदर तर त्याआधीच खचले होते. आइसलंडशी चाललेला मासेमारीचा तंटा १९७६ मध्ये ब्रिटनच्या माघारीने मिटला आणि दूरच्या समुद्रात जाणारा हलचा मच्छीमारी ताफा त्यानंतर उद्ध्वस्त झाला. अशा या शहरातून, जून १९८६ मध्ये, 'हाउसमार्टिन्स' या चार तरुणांच्या रॉक बँडची पहिली ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. 'गो! डिस्क्स' या छोट्या स्वतंत्र कंपनीने ती काढली. नाव होते 'लंडन ० हल ४'. जणू फुटबॉल सामन्याचा निकालच! ज्या राजधानीत उत्तरेकडील कामगार शहरांचे भवितव्य परस्पर ठरत होते, तिला या पोरांनी निदान वेष्टनावर तरी धूळ चारली. स्वतःला मात्र ते 'हलमधील चौथ्या क्रमांकाचा बँड' म्हणवीत. वेष्टनाच्या मागील बाजूस येशू आणि मार्क्स या दोघांचीही आठवण त्यांनी एकत्र काढली होती. साने गुरुजींच्या परंपरेत वाढलेल्यांना याचे नवल वाटू नये.

सूर सारे उड्या मारणारे. शब्द मात्र बोचणारे. 'हॅपी अवर' या गाण्यात कचेरी सुटल्यावर साहेबाबरोबर दारू पिण्याची सक्तीची मौज आणि तिथल्या पुरुषांची स्त्रियांकडे पाहण्याची हीन दृष्टी यांची टर उडवली आहे. 'शीप'मध्ये मुकाट्याने मागे जाणाऱ्या मेंढरवृत्तीवर, तर 'सिटिंग ऑन अ फेन्स'मध्ये कुठलीच बाजू न घेणाऱ्या कुंपणावरच्या शहाण्यांवर प्रहार आहे. कागदी झेंडे खिशाला टाचून निधी गोळा करण्याच्या प्रथेवरून 'फ्लॅग डे' हे गाणे रचले आहे. दानधर्माने दारिद्र्य हटत नाही, हे त्यात स्पष्ट बजावले आहे. हे गाणे प्रथम आले ते १९८५ मध्ये, म्हणजे 'लाइव्ह एड'च्या भव्य निधिसंकलनाने सारा देश भारावला होता त्याच वर्षी. यासाठी लागणारे धैर्य लहान नव्हे.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. 'हॅपी अवर' ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. ज्यांची टिंगल केली तेही त्यावर नाचले असतील. सूर इतका गोड की शब्दांचा काटा टोचलाच नाही, असेही झाले असेल. १९८७ ची निवडणूक थॅचरबाईंनीच पुन्हा जिंकली आणि १९८८ मध्ये हा बँडही विसर्जित झाला. मग साधले काय?

गाण्याने निवडणूक जिंकता येत नाही, हे मान्यच करावे लागेल. संघटनेचे काम संघटनेनेच करायचे असते. परंतु पराभवानंतर कार्यकर्त्याला दोन रोग जडतात: एक रडगाण्याचा, दुसरा तुच्छतेचा. रडगाणे ऐकून लोक सहानुभूती दाखवतात, पण जवळ येत नाहीत. तुच्छतेने तर आपलेच लोक दुरावतात. हसणारा माणूस मात्र आपण अजून हरलेलो नाही, असे न सांगता सांगतो. सत्तेला निषेधाची सवय असते, टिंगलीची नसते.

आपल्याला हे परके नाही. सेवादलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी 'पुढारी पाहिजे' लिहिले, तेव्हा लोक पोट धरून हसले आणि विचार करीत घरी गेले. पुढच्या शिबिरात गीतांची निवड करताना आपण एवढेच स्वतःला विचारावे: आपल्या गाण्यांतून आपला राग ऐकू येतो, पण आपली उमेद ऐकू येते काय?