पुरावा कोणी द्यावयाचा?

वाचकहो, महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास उभी राहिली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातील माणूस तिच्यात वा अन्य पलटणीत राबलेला आहे. अशा घरी एके दिवशी सरकारी लखोटा येतो: आजार लष्करी सेवेमुळे झाल्याचे वैद्यकीय कागदांवरून दिसत नाही, सबब अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नामंजूर. घरची माणसे म्हणतात, डॉक्टरांनीच लिहिले, आता आपण दुसरा दाखला कोठून आणावा? आणि तो कागद ट्रंकेच्या तळाशी जातो.

पण दाखला आपणच आणावयाचा, हे आपणांस सांगितले कोणी?

धरमवीर सिंग यांचा खटला पाहा. १९८५ साली सिग्नल्स दलात भरती झालेल्या या जवानास १९९४ साली फेफऱ्याच्या विकारामुळे घरी पाठविण्यात आले. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व २० टक्के ठरविले. सेवेशी त्याचा संबंध नाही, असा शेराही मारला. कारण मात्र दिले नाही! २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नियमांवर बोट ठेवले. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असेच धरावयाचे. पुढे रोगामुळे त्याला काढावे लागले, तर तो सेवेमुळेच जडला असे मानावयाचे. हे खोडून काढण्याचा भार सरकारवर, आणि वाजवी संशयाचा फायदा जवानास. भरतीच्या दिवशी छातीपासून दातांपर्यंत सारे तपासून घेणारे सरकार नंतर 'रोग मूळचाच होता' म्हणते, तेव्हा त्याने कारणे नकोत का द्यावयास? अशाच अनेक जवानांविरुद्धची सरकारची अपिले २०१५ साली फेटाळली गेली.

अर्थात प्रत्येक दावा जिंकतोच असे नव्हे. मंडळाने सबळ कारणे दिली असतील, तर न्यायालय त्यांस मान देते. शिवाय सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांनी ते वकिलाकडून समजून घ्यावेत.

म्हणून प्रथम वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागवा. मिळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. कारणाचा रकाना कोरा आहे काय, ते पाहा. खात्याकडील अपील फेटाळले गेले, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचे एक पीठ मुंबईस बसते. जवान हयात नसेल, तर त्याच्या विधवेनेही ट्रंक उघडून पाहावी. मात्र विलंब करू नये, कारण दावा मान्य झाला तरी मागील थकबाकी सामान्यतः तीन वर्षांचीच मिळते.