टँकरचे डिझेल आणि अ‍ॅक्सलचे गणित

मनमाडजवळच्या पानेवाडीतील तेल डेपोंवर उत्तर महाराष्ट्राचा इंधनपुरवठा किती अवलंबून आहे, हे जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांनी काम थांबवले तेव्हा साऱ्यांना कळले. मात्र इंधन वाहणारी ही वाहने स्वतः किती डिझेल जाळतात, याची चर्चा क्वचितच होते. या खर्चाचा मोठा भाग मागच्या अ‍ॅक्सलमधील क्राउन-पिनियनचे दाते ठरवत असतात.

चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टला जितके फेरे घ्यावे लागतात, तो अ‍ॅक्सलचा रेशो. ५.८६ रेशोच्या तुलनेत ४.१ रेशोत ओढण्याचा जोर सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. पण त्याच वेगाला इंजिनचे फेरेही तेवढेच घटतात. चाकाचा परीघ ३.२ मीटर धरल्यास ताशी ८० किलोमीटर वेगाला, थेट टॉप गिअरमध्ये, पहिल्या रेशोचे इंजिन मिनिटाला सुमारे २,४४० फेरे घेते, तर दुसऱ्याचे १,७१०. फेरे घटले की इंजिनातील घर्षण घटते आणि डिझेल वाचते.

५ जून २०२५ रोजी पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर लांब पल्ल्याचा माल नेणाऱ्याला त्यामुळे कमी रेशो परवडतो. टँकरचा हिशेब निराळा आहे. वेगनियंत्रकामुळे त्याची मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे. या वेगाला ४.१ रेशोत इंजिनचे फेरे १,२८० पर्यंत उतरतात. भरलेल्या टँकरला किरकोळ चढावरही खालचा गिअर टाकावा लागतो. ४.९ च्या आसपासचा रेशो हेच फेरे सुमारे १,५३० वर ठेवतो आणि ओढही राखतो.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. चांदवडजवळच्या राहुड घाटासारख्या उतारावर इंजिनचा अडसर हाच ब्रेकचा खरा आधार असतो. रेशो कमी असेल तर त्याच गिअरमध्ये हा अडसरही कमी पडतो. अशा वेळी चालकाने आणखी खालचा गिअर घेतला नाही, तर सारा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात.

धोरणात मात्र या फरकाला पुरेसे स्थान मिळालेले नाही. २०१७ मध्ये अधिसूचित झालेल्या जड वाहनांच्या इंधनमानकांची चाचणी ४० व ६० किलोमीटरच्या स्थिर वेगाची होती. त्यात घाट नव्हता. २०१८ मध्ये तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २५ वरून २८.५ टनांवर गेली. वजन वाढले, जुन्या गाड्यांचे दाते होते तेच राहिले.

ट्रक घेताना अश्वशक्ती, किंमत आणि हप्ता विचारला जातो. रेशोही विचारला जावा आणि विक्रेत्यानेही तो मार्ग, भार व वेगमर्यादा यांसह लेखी समजावून द्यावा. एकदा बसवलेले दाते बदलणे खर्चाचे असते. चुकीच्या निवडीची किंमत मात्र छोट्या मालकाला प्रत्येक खेपेला मोजावी लागते.