राजवेषातली कांताबाई : ‘विंटेज’ कौतुकाने पुसलेले एक पान

१.
जुन्या महाराष्ट्राची छायाचित्रे समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. त्यांत तमाशातल्या स्त्रीचे चित्र ठरून गेलेले आहे. जरीकाठाची नऊवारी, केसांत गजरा, नाकात नथ, आणि खाली ‘विंटेज मराठमोळा साज’ अशी एक ओळ. बाईचे नाव नसते. फडाचे नसते, गावाचेही नसते. काठ पैठणीचा की इरकलीचा यावर प्रतिक्रियांमध्ये वाद रंगतो. बाई कोण, हे विचारण्याची गरज कोणालाही वाटत नाही. प्रस्तुत धागा या कौतुकाच्या विरोधात आहे.

२.
साक्षीला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेरच्या कांताबाई सातारकर. जन्म १९३९ चा, गुजरातेत, दगडखाणीत राबणाऱ्या कुटुंबातला. बालपण साताऱ्यात गेले आणि तेथले गावच पुढे आडनाव झाले. लहानपणीच मेळ्यातून रंगमंचावर पाऊल पडले. पुढे त्या तुकाराम खेडकर यांच्या फडात आल्या, त्यांच्याशी संसार मांडला आणि त्या फडाच्या प्रमुख नायिका झाल्या. २५ मे २०२१ रोजी संगमनेर येथे त्यांचे निधन झाले. सहा दशकांहून अधिक काळ हे नाव तमाशाशी जोडलेले राहिले.

३.
त्याच १९३९ साली अमेरिकेत आणखी एक मुलगी जन्मली. जग तिला टीना टर्नर म्हणून ओळखते. या दोघींची तुलना ऐकून काहींच्या भुवया उंचावतील; पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती करून पाहावी. दोघीही घाम गाळणाऱ्या, रात्र जागवणाऱ्या लोकप्रिय कलेच्या गायिका-नर्तिका. दोघीही आरंभी जोडीदाराच्या संचातल्या नायिका. दोघींनाही मध्यावर सगळे पुन्हा उभे करावे लागले.

४.
टीना टर्नर १९७६ मध्ये मारहाण करणाऱ्या पतीला सोडून निघाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ ३६ सेंट होते, ही गोष्ट जगभर पाठ आहे. १९७८ च्या घटस्फोटात त्यांनी रंगमंचावरचे नाव तेवढे स्वतःकडे राखले. कांताबाईंची गोष्ट वेगळ्या दुःखाची आहे. १९६४ मध्ये तुकाराम खेडकर निवर्तले. पदरी लहान मुले. ज्या फडाच्या त्या नायिका होत्या, तोही सुटला. दुसऱ्यांच्या फडांत काम करून दिवस काढावे लागले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी स्वतःचा फड उभा केला.

५.
त्या फडाचे नाव नीट वाचावे : ‘तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ’. दिवंगत नटाच्या नावाशेजारी एका विधवा स्त्रीने स्वतःचे नाव स्वतःच्या आडनावासह मालक म्हणून रंगवून घेतले. फड म्हणजे केवळ कला नव्हे. कलावंतांना द्यायची उचल, मालमोटारी, तंबू, कनाती, विजेचे जनित्र, जत्रांच्या सुपाऱ्या आणि पाऊस आला की बुडणारा गल्ला, हे सारे त्यात येते. हा व्यवहार एका स्त्रीने चालवला. स्त्री-उद्योजकतेच्या यादीत मात्र हे नाव सहसा आढळत नाही.

६.
आता पेहरावाकडे येऊ, कारण कौतुकाचा सारा भर तेथेच आहे. कांताबाईंची ओळख जाणकारांमध्ये ज्या कारणासाठी होती, ते कारण नऊवारीच्या चौकटीत बसतच नाही. त्या वगनाट्यांत पुरुष-भूमिका करीत. ‘रायगडची राणी’ या वगात त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली. जिरेटोप, अंगरखा, कमरेला तलवार, आणि समोर हजारोंचा ग्रामीण जमाव. एका स्त्रीने साकारलेले महाराज त्या जमावाने मान्य केले आणि टाळ्या दिल्या.

७.
हा वेष ‘विंटेज’ नाही काय? काळाने तितकाच जुना, शिवणकामाने अधिक अवघड, इतिहास म्हणून कितीतरी मौल्यवान. तरीही तो फिरत नाही. कारण उघड आहे. नऊवारीतली बाई पाहणाऱ्याच्या मनातल्या चित्राला दुजोरा देते. जिरेटोपातली बाई त्या चित्राला प्रश्न विचारते. जे कौतुक प्रश्न सहन करू शकत नाही, त्याला इतिहासप्रेम म्हणता येत नाही. ती सजावट आहे.

८.
उलट बाजू पाहावी. बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी स्त्रीवेष केला. त्यांच्या साड्या, दागिने, केशरचना यांचे अनुकरण कुलीन घरांतल्या स्त्रियांनी केले. त्या काळाला ‘गंधर्वयुग’ असे नाव मिळाले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुण्यात १९६८ साली त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. हा सन्मान योग्यच होता. पण पुरुषाने स्त्रीवेष केला तर त्याचे युग होते, आणि स्त्रीने पुरुषवेष केला तर त्याची तळटीपही होत नाही, हा न्याय कुठला?

९.
येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. बालगंधर्व हे अभिजात गायकीचे धनी. तमाशाशी त्यांची बरोबरी कशी? या आक्षेपातच उत्तर दडलेले आहे. प्रश्न गुणवत्तेच्या बरोबरीचा नाही, नोंदीचा आहे. संगीत नाटकाचा प्रेक्षक लिहिणारा होता. त्याने आठवणी, परीक्षणे, चरित्रे लिहिली. तमाशाचा प्रेक्षक शेतकरी, मजूर, हमाल होता. त्याने पहाटेपर्यंत बसून पाहिले आणि सकाळी तो कामाला गेला. एका प्रेक्षकाची आठवण ग्रंथालयात गेली, दुसऱ्याची त्याच्याबरोबर संपली. कलेची उंची या फरकाने ठरत नाही.

१०.
आणि ही विस्मृती एकाच पिढीची नाही. संगमनेर तालुक्यातच हिवरगाव पावसा हे गाव आहे. तेथे १८७० मध्ये पवळाबाई जन्मल्या. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांचे निधन १९३९ मध्ये झाले, म्हणजे कांताबाईंच्या जन्माच्याच वर्षी. एका तालुक्याच्या मातीत तमाशातल्या स्त्रीच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीची दोन्ही टोके सापडतात. पण पवळाबाईंची ओळख आजही बहुतेक ठिकाणी एकाच शब्दाने करून दिली जाते : पठ्ठे बापूरावांची पवळा.

११.
पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे थोर शाहीर होते यात वाद नाही. ब्राह्मण शाहीर आणि महार समाजातली कलावती यांच्या सहवासाची कथा लोकांना नाट्यमय वाटते. त्या कथेत त्याग त्यांचा आणि सौंदर्य हिचे, अशी वाटणी झालेली आहे. ज्या स्त्रीला पाहायला आणि ऐकायला लोक तिकीट काढून येत, तिची मेहनत, तिचा आवाज, तिची अदाकारी या वाटणीत कोणाच्याच वाट्याला आलेली नाही.

१२.
पवळाबाईंचे महत्त्व कळायला त्याआधीचा तमाशा ठाऊक हवा. पेशवाईच्या उत्तरकाळात आणि त्यानंतरही बराच काळ तमाशात स्त्रीचे काम ‘नाच्या पोऱ्या’ करीत असे. १८६५ च्या सुमारास ‘मोहना बटाव’ आला; तो पहिला वग मानला जातो. वगामुळे तमाशात कथा आली, पात्रे आली आणि पुढे स्त्री-पात्राला खऱ्या स्त्रीची गरज निर्माण झाली. ‘तमाशातली नऊवारीतली बाई ही आपली प्राचीन परंपरा’ असे जे लिहिले जाते, ते यामुळेच चूक ठरते. त्या नऊवारीत आधी पुरुष होता.

१३.
दुसरी चूक प्रकारांची. ढोलकी फडाचा तमाशा वेगळा, संगीत बारी वेगळी. फडात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा क्रम असतो. सोंगाड्या, सुरते, ढोलकी, हलगी, तुणतुणे असा संच असतो. आणि तो गावोगावच्या जत्रांत उघड्यावर किंवा तंबूत रंगतो. संगीत बारीत लावणी हाच केंद्रबिंदू, पेटी-तबल्याची साथ, बंदिस्त थिएटर. बैठकीची लावणी आणखी निराळी. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची ख्याती त्या अदाकारीची. छायाचित्रांच्या पानांवर हे तिन्ही प्रकार, आणि शिवाय ‘पिंजरा’ (१९७२) ते ‘नटरंग’ (२०१०) हे चित्रपट, एकाच ‘लावणी लूक’मध्ये कोंबलेले असतात.

१४.
पेहरावाचा अभ्यास करायचाच असेल तर तो गांभीर्याने करावा. नऊवार लुगडे सव्वाआठ मीटरांच्या आसपास भरते. काष्टा घातल्याने पाय मोकळे राहतात, बैठक मारता येते, गिरकी घेता येते. शेत लावणारी बाई आणि नाचणारी बाई या दोघी एकच वस्त्र एकाच कारणासाठी नेसत होत्या : त्यात काम करता येते. पायांतले चाळ किलोंच्या वजनाचे. ते बांधून तासन्‌तास उभे राहायचे, तेही शेणामातीने सारवलेल्या किंवा फळ्या टाकलेल्या रंगमंचावर. हा साज म्हणजे अवजार होते. आजच्या शिवलेल्या तयार नऊवारीत छायाचित्र काढणे वाईट नाही. पण ते वस्त्र कशासाठी होते हे विसरणे वाईट आहे.

१५.
टीना टर्नर यांच्या झालरीच्या झग्यांबद्दल जगाला काय ठाऊक आहे? ते बॉब मॅकी यांनी घडवले, हे ठाऊक आहे. पॅटी स्मिथ यांच्या १९७५ च्या ‘हॉर्सेस’ या संग्रहावरचा पांढरा पुरुषी सदरा आठवतो, तेव्हा छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्प यांचेही नाव आठवते. तेथे जुन्या पेहरावाचे कौतुक म्हणजे शिंपी, छायाचित्रकार, वर्ष आणि गायिका या सगळ्यांची नोंद. येथे कांताबाईंचा अंगरखा कोणी शिवला, जिरेटोप कोणी बांधला, हे कोणी विचारलेलेही नाही. पुरुषी सदरा घातलेली पॅटी स्मिथ ज्यांना क्रांती वाटते, त्यांना घराशेजारच्या तालुक्यातली जिरेटोपातली बाई ठाऊक नसावी, हे खेदाचे आहे.

१६.
या विस्मृतीत राज्यसंस्थेचाही वाटा आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितली. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली. ‘लोकनाट्य’ हा सभ्य शब्द तमाशाच्या पाटीवर चढला, त्याला ही पार्श्वभूमी आहे. जी कला काल ‘बिघडवणारी’ होती, तीच आज ‘मराठमोळी’ म्हणून मिरवली जाते. मधल्या काळात बदलले काय? कलावंत तीच होती. पाहणाऱ्याची गरज बदलली.

१७.
दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. साडीच्या निमित्ताने का होईना, तरुण या विषयाकडे वळतात; मग त्यांना नाउमेद का करावे? खरे आहे. आवड बहुधा डोळ्यांपासूनच सुरू होते, आणि तिला हसण्यात अर्थ नाही. मात्र सुरुवात आणि शेवट यांत अंतर असले पाहिजे. साडीपासून निघालेला माणूस बाईपर्यंत, बाईपासून फडापर्यंत, फडापासून जातीपर्यंत आणि पोटापर्यंत पोहोचला, तर ती आवड सार्थकी लागली. तो साडीपाशीच थांबला, तर त्याने दुकानाची खिडकी पाहिली, इतिहास पाहिला नाही.

१८.
तिसरा आक्षेप हळव्या स्वरात येतो : हा सन्मानच तर आहे! सन्मानाची एक साधी कसोटी लावावी. नारायणगावच्या विठाबाई (१९३५–२००२) यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तरी उतारवयातली त्यांची विपन्नावस्था साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होती. पुढे त्यांच्याच नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्याने सुरू केला आणि तो कांताबाईंनाही लाभला. पुरस्कार देणे चांगलेच. पण कलावतीच्या हयातीत तिचे तिकीट काढणे, तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे, तिच्या वगांच्या वह्या जपणे, यांतले किती झाले, त्यावर सन्मानाचे माप ठरते.

१९.
२०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांचे जत्रांचे हंगाम महामारीने बुडाले. तंबू गुंडाळलेले, मालमोटारी उभ्या, कलावंत घरी. त्याच २०२१ मध्ये अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने टीना टर्नर यांना स्वतंत्र कलावती म्हणून, पतीच्या नावाविना, मान दिला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात संगमनेरात कांताबाई गेल्या. वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या, मान्यवरांनी श्रद्धांजली वाहिली. फड त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी पुढे नेला. बाहेरच्या जगात मात्र निनावी नऊवारीची छायाचित्रे पूर्वीसारखीच फिरत राहिली.

२०.
म्हणून मागणी साधी आहे. जुने छायाचित्र टाकताना पाच गोष्टी शोधाव्यात : कलावतीचे नाव, फडाचे नाव, वग किंवा कार्यक्रम, गाव आणि साल. पाचही मिळणार नाहीत. दोन मिळाल्या तरी पुष्कळ. आणि एकही मिळाली नाही, तर ‘मराठमोळा साज’ लिहिण्याऐवजी ‘नाव अज्ञात, शोध सुरू’ असे लिहावे. त्या ओळीखाली एखाद्या गावातला म्हातारा प्रेक्षक, एखादा जुना ढोलकीवाला, एखादी नात उत्तर देईल. संगमनेर, राहुरी, अकोले, पारनेर या तालुक्यांत तमाशा पाहिलेली माणसे अजून आहेत. त्यांना विचारण्याची मुदत मात्र फार उरलेली नाही.